वही आपली, किल्ली कुणाची?

वाचकहो, आजची सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू या. तुमच्या दुकानाचा, क्लासचा किंवा घरखर्चाचा हिशोब आत्ता नेमका कुठे ठेवलेला आहे? ‘कॉम्प्युटरमध्ये’ किंवा ‘मोबाइलमध्ये’ असं उत्तर मनात आलं असेल, तर जरा थांबा. गेल्या वर्षापर्यंत माझे काकाही हेच उत्तर देत होते.

काकांचं दुकान इथे जबलपूरच्या महाराजपूरला आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं असा सगळा माल. आमच्या भागातला मटार प्रसिद्ध, त्यामुळे पेरणीच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आणि निम्मा धंदा उधारीवर. पीक निघालं की शेतकरी येतो, हिशोब विचारतो, पैसे मोजतो. म्हणजे दुकानातली खरी पुंजी गोदामात नाही, तर खातेवहीत.

काकांना बसलेले दोन धक्के

पहिला धक्का पावसाळ्यात बसला. दुकानात तेव्हा एकदाच पैसे भरून विकत घेतलेलं हिशोबाचं सॉफ्टवेअर होतं. एका रात्री वीज पडली आणि कॉम्प्युटर गेला. पेन ड्राइव्हवर कॉपी होती, पण दोन महिन्यांपूर्वीची. त्या दोन महिन्यांची उधारी काकांनी बिलबुकांवरून आणि आठवणीने पुन्हा लिहून काढली.

मग सगळ्यांनी सल्ला दिला, ‘क्लाउडवर जा.’ काका गेले. वर्षाचे पैसे भरायचे आणि इंटरनेटवरून हिशोब उघडायचा. दुकान बंद केल्यावर घरी बसूनही कुणाची किती बाकी आहे ते दिसायचं. काका खूश.

दुसरा धक्का नोव्हेंबरमध्ये बसला. तारीख १९. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं. सकाळी लॉगिन केलं तर पडद्यावर सूचना, ‘आपली मुदत संपली आहे.’ ज्या कार्डवरून पैसे कापले जायचे ते कार्डच बाद झालं होतं. आठवण देणारे ईमेल आले होते, पण ते दुकानात पूर्वी काम करणाऱ्या मुलाच्या पत्त्यावर. काकांनी लगेच दुसरीकडून पैसे भरले. तरी खातं उघडायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.

रिटर्न रात्री कसंबसं भरलं गेलं. पण काकांना लागलं ते वेगळंच. त्या १९ तारखेला एक शेतकरी नोटा घेऊन समोर उभा होता आणि विचारत होता, ‘भैया, कितना निकलता है?’ चाळीस वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच उत्तर देता येईना. पैसे भरलेले, माल आपला, गिऱ्हाईक आपलं आणि हिशोब मात्र कुलपात. काका म्हणाले, ‘अगं, वही माझी होती ना? मग किल्ली दुसऱ्याच्या खिशात कशी गेली?’

त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जे वाचलं, ते आज तुम्हाला सांगते.

एका यंत्रात दहा यंत्रं

क्लाउड म्हणजे आकाशातलं काही नाही. मोठमोठ्या इमारतींत रांगेने ठेवलेले, चोवीस तास चालणारे कॉम्प्युटर म्हणजे क्लाउड. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत अशी केंद्रं सुरू केली. ॲमेझॉनचं मुंबईचं केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झालं. तुमचा हिशोब ‘वर’ गेला असं आपण म्हणतो, तेव्हा तो कदाचित पुण्या-मुंबईच्या एखाद्या इमारतीत गेलेला असतो.

या इमारतीत प्रत्येक दुकानदारासाठी वेगळा कॉम्प्युटर नसतो. इथे कामाला येतं ‘व्हर्च्युअलायझेशन’. एखाद्या मोठ्या वाड्याच्या मालकाने भिंती घालून दहा बिऱ्हाडं करावीत, तसं एका ताकदवान यंत्रात सॉफ्टवेअरच्या भिंती घालून दहा ‘आभासी’ यंत्रं तयार करतात. प्रत्येक भाडेकरूला वाटतं की घर आपलंच आहे. शेजारच्या बिऱ्हाडातलं त्याला दिसत नाही.

ही युक्ती जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या यंत्रांसाठी अशी प्रणाली बाजारात आणली होती. साध्या सर्व्हरवर ती घरोघरी पोचवली १९९८ मध्ये सुरू झालेल्या व्हीएमवेअर या अमेरिकन कंपनीने. त्याआधी कंपन्या एका कामाला एक सर्व्हर घ्यायच्या आणि त्याची बरीचशी ताकद नुसती पडून राहायची. भिंती घालता आल्या, तशी रिकामी जागा भाड्याने देता येऊ लागली. २००६ मध्ये ॲमेझॉनने नेमका हाच धंदा सुरू केला.

विकणारे भाड्याकडे का वळले?

आधी मोठ्या कंपन्यांनी या प्रकाराची थट्टा केली. ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी २००८ मध्ये क्लाउडला चक्क फॅशनचं खूळ म्हटलं होतं. आज ओरॅकल स्वतःच क्लाउड विकते.

कारण सरळ आहे. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाईक दहा-दहा वर्षं वापरतं. नवी आवृत्ती आली तरी ‘जुनं चालतंय की’ म्हणतं. शिवाय सीडीची नक्कल करणारे असतातच. भाड्यात मात्र दर महिन्याला किंवा दर वर्षी ठरलेले पैसे येतात, नक्कल करणं अवघड जातं आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी केली की सगळ्यांना पोचते. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ऑफिस ३६५ आणलं. ॲडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं की यापुढे फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. लग्नाचे अल्बम करणाऱ्या तुमच्या ओळखीच्या स्टुडिओवाल्याला विचारा, तो हे बरोबर सांगेल.

आपल्या मराठी मुलखातलं उदाहरण हवं असेल तर पुण्याचं ‘ड्रुवा’ घ्या. जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रामाणी कोथंडरामन यांनी २००८ मध्ये ही कंपनी पुण्यात सुरू केली. काम होतं कंपन्यांच्या माहितीची कॉपी सुरक्षित ठेवण्याचं. सुरुवातीला त्यांचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं जायचं. पुढे त्यांनी सगळा डाव क्लाउडवर लावला आणि ॲमेझॉनच्या यंत्रांवरून सेवा द्यायला लागले. २०१९ मध्ये या कंपनीचं मूल्य १ अब्ज डॉलरच्या पुढे गेलं. क्लाउडने मोठ्यांचाच फायदा केला असं नाही, नव्यांनाही वाट मिळाली.

सोय खरी, पण...

मी क्लाउडच्या विरोधात नाही. वीज पडली त्या रात्री काकांचा हिशोब क्लाउडवर असता, तर एक ओळही गेली नसती. जबलपूर हे मध्य प्रदेशातल्या वीज कंपन्यांच्या मुख्यालयाचं गाव, म्हणून विजेचंच उदाहरण देते. प्रत्येक दुकानाने स्वतःचा जनरेटर चालवण्यापेक्षा लाइन घेणं स्वस्त आणि सोपं, तसंच हे.

पण एक फरक आहे. बिल थकलं आणि लाइन कापली, तर दुकानात अंधार होतो, तिजोरी मात्र दुकानातच राहते. क्लाउडची लाइन कापली, तर तिजोरीच दिसेनाशी होते.

आणि हे फक्त छोट्या दुकानदारांचं होतं असं समजू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली. डिसेंबरमध्ये जाहीर केलं की एकदा पैसे भरून कायमचा परवाना मिळणं बंद, यापुढे फक्त वर्गणी. बिलं कित्येक पटींनी वाढल्याची ओरड जगभरातल्या ग्राहकांनी केली. अमेरिकेतली एटी अँड टी ही भलीमोठी टेलिफोन कंपनी २०२४ मध्ये कोर्टात गेली आणि नंतर दोघांत तडजोड झाली.

त्याहून जवळची गोष्ट जुलै २०२५ ची. मुंबईत मुख्यालय असलेली नायरा एनर्जी गुजरातमधल्या वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना चालवते. तिच्यात रशियन कंपनीची मोठी भागीदारी असल्यामुळे युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असूनही आपल्याच माहितीपर्यंत पोचता येत नाही, अशी तक्रार घेऊन नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण भारतातल्या एवढ्या मोठ्या कंपनीलाही तेच विचारावं लागलं जे काकांनी विचारलं होतं.

घरातले फोटोही याच वाड्यात

दुकान नाही, म्हणजे आपला संबंध नाही असं वाटतंय? तुमचे फोटो बघा. गुगल फोटोमध्ये पूर्वी हवे तेवढे फोटो फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जाऊ लागले. आणि दोन वर्षं अजिबात न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल बंद करून त्यातला मजकूर काढून टाकू शकतं. हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आजोबांच्या नावाचं, आता कुणीच न उघडणारं खातं घरात असेल, तर आजच उघडा. त्यात काय काय आहे ते बघा आणि उतरवून घ्या. गुगलच्या ‘टेकआउट’ सोयीने सगळं एकदम डाउनलोड करता येतं.

पैसे भरण्याआधी हे बघा

काकांचा अनुभव आणि सीएंचा सल्ला एकत्र करून ही यादी केली आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

• बाहेर पडायचं दार. सगळा हिशोब एक्सेल किंवा पीडीएफमध्ये काढता येतो का? विक्रेत्याच्या ‘हो’वर विसंबू नका. मोफत चाचणीच्या काळातच काढून, उघडून बघा.

• मुदत संपल्यावर काय? पैसे भरायचे राहिले तर निदान जुना हिशोब वाचता येईल का? किती दिवस? हे लेखी मागा.

• खातं कुणाच्या नावावर? नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल मालकाचाच हवा. दुकानातल्या मुलाचा नको, भाच्याचाही नको.

• आपोआप कापले जाणारे पैसे. कार्डची मुदत तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वर्गणीत १५,००० रुपयांच्या वरची रक्कम असेल तर दर वेळी ओटीपी द्यावा लागतो. वर्षाचं बिल मोठं असेल तर ‘आपोआप जाईल’ या भरवशावर राहू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधरा दिवस आधी खूण करा.

• दर महिन्याला एक कॉपी. महिन्याच्या १ तारखेला हिशोब उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह दुकानात नाही, घरी ठेवा. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात. ती जबाबदारी तुमची, सॉफ्टवेअरवाल्याची नाही.

• कंपनी नोंदवलेली असेल तर २०२२ च्या नियमानुसार हिशोबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. विक्रेता तो कुठे ठेवतो ते विचारा.

आणि त्या शेतकऱ्याचं काय झालं?

ते सांगायचं राहिलंच. काका गप्प उभे राहिलेले बघून त्याने बंडीच्या खिशातून एक छोटी डायरी काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. त्यात त्याने नेलेल्या प्रत्येक पोत्याची तारीख आणि रक्कम लिहिलेली होती. त्याने बेरीज सांगितली, पैसे मोजून दिले आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी खातं उघडल्यावर काकांनी सगळ्यात आधी त्याचं पान काढलं. रुपयाचाही फरक नव्हता.

काका अजून क्लाउडवरच आहेत, आणि राहणार आहेत. फक्त महिन्याच्या १ तारखेला आता मला फोन येतो, ‘अगं, कॉपी काढलीस का?’ आणि यंदाच्या लक्ष्मीपूजनाला लॅपटॉपशेजारी तो पेन ड्राइव्हही ठेवायचा, असं काकूने आत्ताच ठरवून टाकलंय. हळदकुंकू मात्र जरा जपून वाहा, एवढंच मी तिला सांगितलंय!

तुम्हीही आज झोपण्यापूर्वी दहा मिनिटं काढा. तुमची वही कुठे आहे ते शोधा आणि तिची एक कॉपी घरी आणा.