लॅपटॉप चालू होत नाही? आधी तेरीज तपासा



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच माझी थोरली बहीण आणि तिची मुलगी दारात येऊन उभ्या राहिल्या. भाचीच्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी आणि डोळ्यांत पाणी.

"मामा, हे चालूच होईना बघा. दुकानदार म्हणतोय मदरबोर्ड गेला, नऊ हजार लागतील."

भाची नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परीक्षेला बसणार आहे. तिचा प्रकल्प अहवाल त्याच यंत्रात होता आणि गुरुवारपर्यंत महाविद्यालयात द्यायचा होता. दाजी ऊसतोडीला जातात. जुना वापरलेला लॅपटॉपही त्यांनी पोटाला चिमटा घेऊन घेतला होता. बहीण हळूच म्हणाली, "हे मुकादमाकडं गेलेत, आणखी उचल मिळती का बघायला." नऊ हजारांची उचल म्हणजे पुढच्या हंगामातले किती दिवस आधीच विकणे, हे आमच्या जळकोट तालुक्यात कोणाला सांगायला नको.

मी काही इंजिनिअर नव्हे. बी.कॉम. झालेला साधा कारकून आहे. पण हिशेबाच्या कामाने एक सवय लावली आहे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळी खतावणी फाडून टाकत नाही. आधी बेरजा पुन्हा पाहतो. मग फरकाला नऊने भाग जातो का ते पाहतो, कारण जात असेल तर बहुधा ५४ च्या जागी ४५ लिहिलेले असते. सोपी चूक आधी शोधायची, अवघड नंतर. बंद पडलेल्या यंत्रालाही हाच नियम लावावा असे मला वाटले. मी बहिणीला म्हणालो, "आक्का, दाजींना फोन कर. संध्याकाळपर्यंत उचल घेऊ नका म्हणावं."

मग आम्ही भिंतीपासून सुरुवात केली.

पहिली गोष्ट, वीज येते का? ज्या सॉकेटात लॅपटॉप लावतो त्यात मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये नको, थेट भिंतीत लावावा. पुष्कळदा बोर्डाचे बटनच खराब असते.

दुसरी गोष्ट, चार्जर. बहुतेक लॅपटॉपच्या चार्जरला दोन वायरी असतात. एक भिंतीपासून मधल्या डबीपर्यंत, दुसरी डबीपासून यंत्रापर्यंत. पहिली वायर डबीतून निघते आणि तिथेच सैल होते. ती घट्ट दाबावी. डबीवर दिवा असेल तर तो लागतो का पाहावे. लॅपटॉपला पिन लावताच दिवा विझत असेल, तर दोष चार्जरमध्ये किंवा यंत्राच्या आत आहे. शेजाऱ्याचा चार्जर लावून पाहायचा असेल तर डबीवरचा छापील मजकूर आधी वाचावा. व्होल्टचा आकडा तोच हवा, उदाहरणार्थ १९ किंवा १९.५. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. पिनही तंतोतंत तीच हवी. नव्या यंत्रांना मोबाईलसारखी टाईप-सी पिन असते, पण अनेक लॅपटॉपना ४५ किंवा ६५ वॅट लागतात. मोबाईलच्या १० वॅटच्या चार्जरवर लॅपटॉप उठला नाही तर तो मेला असे समजू नये.

तिसरी गोष्ट, धीर. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर चार्जर लावल्या लावल्या यंत्र उठेलच असे नाही. अर्धा तास तसेच ठेवावे.

भाचीच्या बाबतीत हे तिन्ही ठीक होते. मग चौथी गोष्ट केली. चार्जर काढला, पेनड्राईव्ह आणि माऊस काढला. यंत्र उलटे करून खटक्याने निघणारी बॅटरी बाहेर काढली. आता चालू करायचे बटन मोजून ३० सेकंद दाबून धरले. नंतर बॅटरी न लावता फक्त चार्जर जोडला आणि बटन दाबले. पंखा घरघरला आणि पडद्यावर उजेड आला! भाची ओरडलीच, "मामा, लागला की!" बहिणीने पदराने डोळे पुसले आणि पहिला फोन दाजींना केला.

यात जादू काही नाही. वीज बंद केली तरी यंत्रातल्या बारीक भागांत थोडा विद्युतभार शिल्लक राहतो. कधी वीज ये-जा केल्यावर वीजपुरवठा सांभाळणारा भाग अडकून बसतो. बटन दाबून धरल्यावर शिल्लक भार उतरतो आणि तो भाग पहिल्यापासून सुरू होतो. बॅटरी आत बसवलेली असेल तर यंत्र उघडू नये. चार्जर काढून नुसते बटन तेवढाच वेळ दाबून धरावे.

पाचवी गोष्ट पडद्याची. दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडदा काळाच असेल तर यंत्र चालू असू शकते, फक्त दिसत नसेल. कॅप्स लॉकचे बटन दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का पाहावे. अंधारात बॅटरीचा झोत तिरपा पाडून अंधुक चित्र दिसते का पाहावे. दिसले तर पडद्यामागचा उजेड गेला आहे. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडूनही कळते. यंत्र शिट्ट्या मारत असेल तर किती मारते ते कागदावर लिहून कारागिराला दाखवावे. अनेकदा रॅमची पट्टी काढून, साफ करून पुन्हा बसवली की काम भागते.

प्रत्येक वेळी असे सुखासुखी होत नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या वाचनालयाचा लॅपटॉप पावसाळ्यात विजांच्या कडकडाटात चार्जरला लावलेला राहिला. त्याचा बोर्ड खरोखर जळाला. सगळे उपाय करून पाहिले, उपयोग झाला नाही. पण कारागिराने त्यातली हार्ड डिस्क काढून वेगळ्या डबीत घातली आणि दुसऱ्या यंत्राला जोडली. सभासदांची यादी, पुस्तकांची नोंद, सगळे जसेच्या तसे मिळाले. यंत्र गेले म्हणजे आतले काम गेले असे नसते. मात्र काही नव्या यंत्रांत साठवण बोर्डावरच पक्की बसवलेली असते, तिथे हे जमत नाही. म्हणून महत्त्वाच्या कामाची एक प्रत पेनड्राईव्हवर ठेवावी आणि वीज गेली की चार्जर भिंतीतून काढावा.

काही ठिकाणी मात्र हात लावू नये. बॅटरी फुगली असेल, जळका वास येत असेल तर चार्जिंग लगेच बंद करावे. अशी बॅटरी टोचू नये, दाबू नये. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणली. २००६ साली डेल कंपनीने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. मोठमोठ्या कंपन्यांना जिथे धास्ती, तिथे आपण धाडस करू नये. चहा-पाणी सांडले तर चार्जर काढावा, यंत्र बंद करून पालथे घालावे आणि पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, जाळू नये. निकामी बॅटऱ्यांच्या विल्हेवाटीचे वेगळे नियम २०२२ सालापासून लागू आहेत. असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा.

शेवटी दुकानात जावेच लागले तर तीन गोष्टी सांगाव्यात. खर्चाचा अंदाज लिहून द्या. बदललेला जुना भाग परत द्या. आणि मला विचारल्याशिवाय आतले काही पुसू नका. सगळेच कारागीर फसवतात असे मुळीच नाही. आमची हार्ड डिस्क वाचवणाराही कारागीरच होता. पण ज्याने दोनदा बटन दाबून नऊ हजार सांगितले, त्याला "कशावरून?" एवढे विचारायला हवे होते. भाचीला तो प्रश्न सुचला नाही, कारण यंत्रापुढे आपण अडाणी आहोत असे तिने आधीच मानून घेतले होते.

अहवाल बुधवारीच दिला गेला. दाजींनी उचल घेतली नाही. आता भाचीच्या वहीत या पाच गोष्टी लिहिलेल्या आहेत आणि परवा तिने शेजारच्या मुलाचा लॅपटॉप स्वतः तपासला. दोष एक्स्टेन्शन बोर्डात निघाला!