फलकावरचा सूर्य आणि रात्रीचा सामना

दिवसाची वीज आणि रात्रीची वीज यांतील भेद निलंगा तालुक्यातील शेतकऱ्यास कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शेतीपंपाची पाळी रात्रीची आली म्हणजे हाती बॅटरी घेऊन, विंचूकाट्याचे भय बाळगीत उसाला पाणी द्यावयास कोणास जावे लागते, हे तो पुरते जाणतो. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली, ती याच भेदापोटी. परंतु हाच भेद मोठ्या शहरांतील क्रीडांगणांच्या जाहिरातींत एकाएकी पुसट होतो. ‘सौरऊर्जेवर चालणारे मैदान’ हे शब्द वाचणाऱ्याने, रात्री साडेसातला सुरू होणारा सामना सूर्याच्या बळावर चालतो असे समजावे काय, असा प्रश्न आम्हास विचारावासा वाटतो.

उदाहरण घ्यावयाचे तर आपल्याच राज्यातील घेऊ. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ सालचे. २०१९ साली टाटा पॉवर कंपनीने तेथील छपरांवर ८२०.८ किलोवॅट क्षमतेचा सौरसंच उभारला आणि क्रिकेटच्या मैदानावरील जगातील सर्वांत मोठा संच म्हणून त्याचा गौरव झाला. वर्षाकाठी ११ लाख २० हजारांहून अधिक युनिट वीज, ८४० टनांहून अधिक कार्बन उत्सर्जनास आळा आणि वीजखर्चात सुमारे २५ टक्के बचत, असे अंदाज त्या वेळी जाहीर करण्यात आले. काम निःसंशय स्तुत्य आहे. तथापि या सर्वांतून लोकांच्या मुखी काय राहिले? ‘जगातील सर्वांत मोठा’ एवढेच. वस्तुतः सर्वांत मोलाचा आकडा तो २५ टक्क्यांचा. जगातील सर्वांत मोठा म्हणविला गेलेला संच बसवूनही खर्चाचे तीन हिस्से शिल्लक राहतात, ही गोष्ट तोच प्रामाणिकपणे सांगतो.

टनांचा हिशेब तर शाळेतील मुलानेही करून पाहावा. ८४० टनांना ११ लाख २० हजार युनिटांनी भागिले असता युनिटमागे पाऊण किलो येतो. म्हणजे धुराड्यावर बसून कोणी काही मोजलेले नाही. युनिटांना एका ठरावीक गुणकाने गुणिलेले आहे. या गुणाकारात लबाडी नाही. मात्र राज्याच्या वीजजाळ्यात सौर व पवन विजेचा वाटा जसजसा वाढेल, तसतसा हा गुणक उतरावयास हवा. कोणत्याही मैदानाने टनांचा जुना आकडा भिंतीवर कायमचा रंगवून ठेवणे म्हणजे मागील इयत्तेची गुणपत्रिका यंदा दाखविण्यासारखे होय.

आता रात्रीचा विचार. महिला प्रीमियर लीगचे २०२३ व २०२५ या दोन्ही वर्षांचे अंतिम सामने ब्रेबॉर्नवरच, दिव्यांच्या झोतात खेळले गेले आणि दोन्ही मुंबईच्या संघाने जिंकले. मुंबईकर आनंदाने नाचत होते त्या घटकेला छपरावरचा संच निद्रिस्त होता. दिवसाची जादा वीज जाळ्यात सोडावी आणि रात्री तितकी परत घ्यावी, अशी नेट मीटरिंगची सोय असते, हे आम्ही जाणतो. कणगीत धान्य घालून गरजेला काढावे तसा हा व्यवहार दिसतो खरा. पण कणगीतून आपलेच धान्य निघते, जाळ्यातून रात्री परत येणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा मोठा असतो. परळीच्या औष्णिक केंद्राची राख पाहिलेल्या मराठवाड्याला हा फरक निराळा सांगावयास नको.

रात्रीचे कोडे सुटूच नये असे नाही. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ अरीना या फुटबॉलच्या मैदानाच्या छपरावर सुमारे ४२०० सौरफलक आहेत. तेथे २०१८ साली विजेच्या मोटारींतील नव्याजुन्या बॅटऱ्या जोडून सुमारे २८०० युनिट साठविणारा संच बसविण्यात आला. डिझेलच्या जनित्रांवरील भिस्त कमी करणे हा त्यामागील एक हेतू. असे मैदान ‘आमचे दिवे सूर्याचे’ म्हणाले, तरी किती वेळ, हे त्याने सांगितलेच पाहिजे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. दावा करणाऱ्याने त्यास पुरावा द्यावा आणि मोघम विशेषणांच्या मागे दडू नये, असा त्यांचा आशय आहे. साबणाच्या वडीला जो न्याय, तोच तिकीट विकणाऱ्या मैदानाला लागू व्हावयास काय हरकत आहे? षटकामागे धावांची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत दाखविणारा धावफलक आज किती युनिट छपरावर निर्माण झाली, किती बाहेरून आली आणि जनित्राने किती डिझेल जाळले, एवढे दाखवू शकत नाही, हे आम्हास पटत नाही. प्रेक्षक आकड्यांना कंटाळतो, अशी सबब पुढे केली जाईल. क्रिकेटच्या प्रेक्षकाविषयी असे म्हणणाऱ्याने क्रिकेटचा प्रेक्षक पाहिलेला नसावा!

हा केवळ मुंबईचा प्रश्न नव्हे. तालुका क्रीडा संकुलांच्या छपरांवर सौरफलक बसविण्याचे प्रस्ताव जेथे जेथे येतील, तेथे उद्‌घाटनाच्या कोनशिलेवर कोणाची नावे असावीत यावर बराच खल होईल. त्याच बैठकीत, आलेली आणि गेलेली वीज दाखविणारे मीटर प्रवेशद्वारापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यास वाचता येईल अशा उंचीवर लावण्याची अट निविदेत घालावी. निलंग्यासारख्या ठिकाणी रात्री पाण्याच्या पाळीस जाणारा शेतकरी ते मीटर जाता जाता वाचील, आणि त्याला ते समजेलही.