बेरीज नको, फोड दाखवा

ऑनलाइन शिक्षण कंपनीचे निकाल जाहीर झाले की चर्चा एकाच आकड्याभोवती फिरते: एकूण महसूल किती वाढला? विभागवार, प्रदेशवार फोड मागणाऱ्याला उत्तर मिळते, हा हिशेबनिसांचा खल. अभ्यासक्रम तोच, मंच तोच, आणि इंटरनेटवरच्या वर्गाला कसला आलाय भूगोल?

हे म्हणणे टिकत नाही. कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षण कंपनीचेच पाहा. 2024 चा महसूल सुमारे 69.5 कोटी डॉलर. निम्म्याहून अधिक स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्यांचा, साधारण एकतृतीयांश कंपन्या, सरकारे व शिक्षणसंस्थांचा, तर दहा टक्क्यांहून कमी पदवी अभ्यासक्रमांचा. पण तिन्हीकडचा डॉलर सारखा नव्हे. वैयक्तिक ग्राहकाने भरलेले पैसे महसुलात धरले जातात आणि विद्यापीठाचा किंवा गूगलसारख्या भागीदाराचा वाटा खर्चात पडतो. ढोबळ नफा उरतो निम्म्याच्या आसपास. पदवीची फी मात्र विद्यापीठाची. कंपनीच्या वहीत फक्त स्वतःचे सेवाशुल्क येते. त्यावर आशयाचा खर्च नसल्याने या विभागाचा ढोबळ नफा 100 टक्के दिसे.

2025 पासून कंपनीने हा पदवी विभाग वैयक्तिक ग्राहकांच्या विभागात मिळवून टाकला. एवढासा विभाग वेगळा कशाला ठेवायचा, असे समर्थन कोणी करील. पण 100 टक्केवाला विभाग आत आला की मोठ्या विभागाचा नफ्याचा दर आपोआप वर चढतो, ग्राहकाकडून एक पैसाही जास्त न मिळता! फोड हवी ती यासाठीच.

भूगोलाचेही तेच. कोर्सेराच्या नोंदणीत 2024 मध्ये अमेरिकेखालोखाल भारत होता. दोन कोटींहून अधिक भारतीय. महसुलाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा मात्र एकट्या अमेरिकेचा. ‘भारतात विस्तार’ आणि ‘भारतातून कमाई’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

आपल्याकडे बायजूजने काय दाखवले? मार्च 2022 ला संपलेल्या वर्षाचे एकत्रित निकाल जानेवारी 2024 मध्ये बाहेर आले. तोटा 8,245 कोटी रुपये. त्यातला सुमारे 45 टक्के व्हाइटहॅट ज्युनियर आणि ऑस्मो या विकत घेतलेल्या दोनच कंपन्यांचा. ही फोड वेळेवर मिळाली असती, तर गुंतवणूकदारांना आणि कर्मचाऱ्यांनाही आपले निर्णय डोळे उघडे ठेवून घेता आले असते.

इंड एएस 108 हे लेखामानक विभाग आणि प्रदेश या दोन्हींची माहिती मागतेच. शिक्षण कंपनीचा शेअर घेणाऱ्याने वार्षिक अहवालातले या माहितीचे टिपण आधी उघडावे, आणि ते त्रोटक असेल तर भागधारकांच्या सभेत उभे राहून विचारावे.