‘ओल्ड व्हाइन’ वाइन म्हणजे काय? १०० वर्षांच्या वेलीची चव खरंच वेगळी असते का?

रेड वाइनच्या काही बाटल्यांवर ‘ओल्ड व्हाइन’ असं छापलेलं असतं आणि किंमतही त्याच तोऱ्यात असते. ही वाइन जुनी आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ‘व्हाइन’ म्हणजे वेल. बाटलीतली वाइन दोन-तीन वर्षांपूर्वीचीही असू शकते. जुनी असते ती द्राक्षाची वेल.

किती जुनी?

खरी गोम इथेच आहे. बहुतेक देशांत या शब्दांना कायद्याची व्याख्या नाही. वेल २५ वर्षांची असो वा १२५, लेबलवर तेच दोन शब्द छापता येतात. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीने २००९ मध्ये आपल्यापुरती वर्गवारी ठरवली: ३५ वर्षांची वेल ‘ओल्ड’, ७० ची ‘सर्व्हायव्हर’, १०० ची ‘सेंटेनेरियन’ आणि १२५ ची ‘अँसेस्टर’, म्हणजे पूर्वज. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनेही ३५ वर्षांची मर्यादा सुचवली. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही.

बरोसातच इतक्या जुन्या वेली कशा?

१९ व्या शतकात फिलॉक्सेरा या मुळं पोखरणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियात ही कीड पोहोचलीच नाही. त्यामुळे तिथे १८४३ मध्ये लावल्याचं सांगितल्या जाणाऱ्या शिराझच्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

चवीत काय फरक?

वेल म्हातारी झाली की घड कमी लागतात. मुळं खोल गेलेली असल्याने ती उन्हाचा ताण सहन करते. अशा शिराझमध्ये पिकलेल्या काळ्या फळांचा आणि काळ्या मिरीचा वास, दाट पोत आणि घोट गिळल्यावरही रेंगाळणारी चव मिळते, असं जाणकार सांगतात. पण जमीन, हवामान आणि वाइन करणाऱ्याचा हात यांचाही वाटा तितकाच मोठा आहे. वय ही चवीची हमी नाही. खात्री करायची तर एकाच वायनरीची, एकाच वर्षाची, तरुण आणि जुन्या वेलींची वाइन बाटल्या झाकून शेजारी-शेजारी चाखावी.

मग जादा पैसे कशाचे?

बाग न मोडण्याचे. १९८० च्या दशकात द्राक्षं जास्त झाली म्हणून दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने वेली उपटायला शेतकऱ्यांना पैसे दिले. कितीतरी जुन्या वेली तेव्हाच गेल्या. ज्यांनी तोटा सोसून बाग राखली, त्यांच्यामुळे आज ही वाइन आहे.

नाशिकच्या बागायतदाराला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. उत्पादन घटलं की बाग मोडायची, हा हिशेब तिथे रोजचा आहे. नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांची लागवड प्रामुख्याने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढली. त्यातल्या ज्या वेली अजून उभ्या आहेत, त्या पस्तिशीकडे निघाल्या आहेत. भाव फक्त किलोवर मिळणार असेल, तर त्या पस्तिशी गाठणार नाहीत.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. लेबलवर ‘ओल्ड’ या मोघम शब्दाबरोबर लागवडीचं वर्ष छापलं जावं. आणि त्या वर्षाच्या नावावर ग्राहकाकडून घेतलेल्या जादा किमतीतला वाटा बाग राखणाऱ्यापर्यंत पोहोचावा. तसं झालं नाही, तर ‘ओल्ड व्हाइन’ हे फक्त बाटली महाग करणारे दोन शब्द उरतील.