कुंडींतील तुळस
गेल्या चैत्रांत आमच्या गच्चीवरील तुळस पिवळी पडूं लागली. उन्हाचा ताप, असें निदान करून आम्हीं पाणी वाढविलें. वास्तविक घरांतील प्रत्येक जण स्नानानंतर तिला तांब्याभर पाणी घालीतच होता! मूळ सतत चिखलांत राहिलें म्हणजे त्यास हवा मिळत नाहीं व तें कुजतें; झाड मात्र तहानलेलें दिसतें. बोटभर खोल माती कोरडी लागल्यावरच पाणी घालावें, हें आम्हांस सूनबाईंनीं शिकविलें.

किडीचा शोधही त्यांचाच. देठांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके होते व मुंग्यांची रांग तिकडे चालली होती. आम्ही मुंग्यांवर रागावलों. पण त्या झाड खातच नव्हत्या. हा पिठ्या ढेकूण रस शोषून गोड, चिकट द्रव टाकतो. त्या लोभानें मुंग्या त्याचें रक्षण करितात.

हींच पानें नैवेद्यावर व नातवंडांच्या काढ्यांत जातात. तेव्हां बाजारचें विष वर्ज्य. किडके शेंडे खुडावयाचे, तर नेमकी द्वादशी. वहिनींनीं हरकत घेतली, म्हणून एक दिवस थांबलों. मग लिटरभर पाण्यांत चहाचा चमचाभर कडुनिंबाचें तेल व थोडा पातळ साबण घुसळून, सायंकाळीं पानांच्या खालच्या अंगास फवारलें. साबणानें किडीचें मेणचट आवरण सुटतें. अंडीं मागें राहतात, म्हणून दर आठवड्यास, असें तीनदां केलें. तोंवर काढ्यासाठीं पानें शेजारून आणिलीं.

आतां नवी पालवी आहे. पाणी एकट्या वहिनींनीं घालावें, इतरांनीं केवळ नमस्कार करावा, असें ठरलें आहे.