प्रायव्हसी कुणाची आणि सोय कुणाची?

पोस्ट मोठी आहे. यात रील नाही, फोटो नाही. पण ज्यांच्या गावात घरकुल, विहीर, गोठा, रस्ता यातलं काहीही मंजूर झालंय त्यांनी वाचा. म्हणजे सगळ्यांनीच वाचा.

१४ नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकाराच्या कायद्यातलं एक पोटकलम बदललंय. गंमत म्हणजे हा बदल माहिती अधिकाराचं विधेयक आणून केलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, मोबाइल, अ‍ॅप, बँका, कंपन्या तुमचा डेटा कसा वापरतात त्यावर लगाम घालायला. त्या कायद्याच्या शेवटी शेवटी ४४(३) नावाचं एक कलम आहे, दोन ओळींचं. या दोन ओळींनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(जे) बदलून टाकलं. आपल्याला मराठीत येणाऱ्या पत्रांत ते ८(१)(ञ) असं लिहिलेलं असतं. दोन वर्षं ते कागदावरच होतं. नोव्हेंबरमध्ये नियम आले आणि त्याच दिवशी हे कलम लागू झालं.

आधी काय होतं? एखाद्याची वैयक्तिक माहिती देता येणार नाही, हे आधीही होतंच. पण त्याला अट होती. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी काही संबंध नसेल, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण डोकावणं होत असेल, तरच नकार. आणि तरीही व्यापक जनहित आहे असं जनमाहिती अधिकाऱ्याला पटलं, तर त्याला ती देता येत होती. शिवाय एक फार सुंदर ओळ होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे आमदाराला जे मिळेल ते तुम्हाला-मला मिळेल.

आता काय आहे? "वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती." संपलं. अट नाही, तोलणं नाही, आमदाराची ओळ नाही.

आता तुम्हीच सांगा, सरकारी कार्यालयातल्या कुठल्या कागदावर माणसाचं नाव नसतं? रोजगार हमीच्या हजेरीपटावर मजुरांची नावं असतात. घरकुलाच्या यादीत लाभार्थ्याचं नाव. रस्त्याच्या मोजमाप पुस्तिकेवर मोजणाऱ्या अभियंत्याची सही, बिलावर ठेकेदाराचं नाव. जातीच्या, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर तर नावाशिवाय काही नसतंच. नाव आलं की वैयक्तिक, आणि वैयक्तिक म्हटलं की नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका कार्यालयात मी सिंचन विहिरींच्या लाभार्थ्यांची यादी आणि झालेल्या कामांचे हप्ते मागितले होते. दहा रुपयांचा स्टॅम्प लावलेला नेहमीचा अर्ज. एकोणतिसाव्या दिवशी चार ओळींचं पत्र आलं, माहिती त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक असल्याने देता येत नाही. विहीर सरकारी पैशाने, जागा गावाला माहीत, मालक गावाला माहीत, फक्त सरकारला सांगता येत नाही! बरं, अधिकाऱ्याला मी फार दोष देत नाही. त्याच्या हातात कायदाच तसा दिलाय. माहिती अडवली तर दिवसाला २५० रुपयांप्रमाणे जास्तीत जास्त २५ हजारांचा दंड त्याला होऊ शकतो, पण त्यासाठी नकार अवास्तव आहे हे आयोगापुढे ठरावं लागतं. आता नकाराला थेट कलमाचा आधार आहे.

ज्यांना वाटतं यादी मागून काय मिळतं, त्यांनी राजस्थान आठवावं. नव्वदच्या दशकात तिथल्या मजुरांनी आणि शेतकऱ्यांनी जनसुनावणीत हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली निघाली, न झालेल्या कामांची बिलं निघाली. १९९६ मध्ये ब्यावरला त्यासाठी धरणं झालं. आपल्याकडे अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा देशाच्या कायद्याआधीच आला. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती, नाव वाचणं. नाव झाकलं की उरतो फक्त आकडा. "तालुक्यात इतक्या विहिरी पूर्ण." या आकड्याला तुम्ही काय विचारणार? तो खोटा आहे हे रामभाऊच्या शेतात विहीर नाही यावरूनच कळतं ना!

सरकारचं उत्तर मी नीट वाचलंय, तेही सांगतो. ते म्हणतात, कलम ८(२) शाबूत आहे. जनहित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. खरं आहे, ते कलम आहे. पण त्यात "देऊ शकेल" आहे, "द्यावीच" नाही. आणि अपवादाच्या आतच जो विचार आधी करावा लागत होता, तो आता वेगळ्या दाराने अर्जदाराने पटवून द्यायचा. तालुक्याच्या टेबलावर बसलेला माणूस स्वतःहून एवढी जोखीम कशाला घेईल? तो "नाही" लिहील आणि म्हणेल, अपिलात जा. पहिलं अपील त्याच्याच साहेबाकडे. दुसरं राज्य माहिती आयोगाकडे, आणि तिथे तारीख कधी लागते ते ज्याने भोगलंय त्याला विचारा.

दुसरा युक्तिवाद असा, की २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क मानला, म्हणून हा बदल. खासगीपणा हवाच, मला स्वतःलाही हवा आहे. पण त्याच निकालात कोर्टाने निर्बंध प्रमाणात असावा असंही सांगितलंय. आणि कोर्टाने माहिती अधिकारातलं हे कलम बदला असं काही म्हटलेलं नव्हतं.

आणि आपल्या खऱ्या खासगीपणाचं काय? तुमच्या आधारची झेरॉक्स किती दुकानांत पडलीय मोजा बरं. कर्ज हवंय का म्हणून फोन येतो, त्याला तुमचं नाव आधीच माहीत असतं. या कायद्याने डेटा फोडणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड ठेवलाय, पण तो जाणार सरकारी तिजोरीत. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मिळण्याची जी तरतूद आयटी कायद्यात होती, कलम ४३ए, ती याच कायद्याने रद्द होणार आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड. केंद्र सरकार मात्र आपल्या कुठल्याही यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून सूट देऊ शकतं.

आमच्या धंद्याचंही सांगून टाकतो. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण (हो, मुंबई दंगलीच्या आयोगाचे तेच) यांच्या समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला होता, त्यात पत्रकारितेसाठी सूट होती. २०२३ च्या कायद्यात ती नाही. बाकीच्या जबाबदाऱ्या नोव्हेंबर २०२५ पासून अठरा महिन्यांनी लागू होतील. तेव्हा ज्याच्या घोटाळ्याची बातमी करायची त्याचीच संमती आधी घ्यायची का, हा प्रश्न माझ्यासारख्या एका मोबाइलवर पोर्टल चालवणाऱ्यापुढे असेल. मोठ्या चॅनलकडे वकील असतात हो.

तोपर्यंत एवढं करा. अर्जात नुसती यादी मागू नका. कलम ४(१)(ख) चा उल्लेख करा, त्यात अनुदानाच्या योजनांतल्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचा आहे आणि ते कलम बदललेलं नाही. अर्जातच ८(२) लिहा आणि जनहित काय ते दोन वाक्यांत मांडा. आधार, बँक खातं, मोबाइल नंबर काळे करून द्या असंही लिहा, म्हणजे पळवाट राहत नाही. ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी मोठ्याने वाचायला लावा, आणि इतिवृत्तात ती आली का हे बघूनच सही करा.

नोव्हेंबरनंतर ज्यांना "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार आलाय त्यांनी ते पत्र मला इनबॉक्सला पाठवा, स्वतःचा पत्ता आणि नंबर झाकून. कोणत्या खात्याने कशाला नाही म्हटलं त्याचा तक्ता करतोय. आमदार-खासदारांना भेटायला जाताना तो सोबत न्यायचा आहे.