कळ कोणाच्या हाती?

विज्ञान केंद्रातील एखाद्या प्रयोगाभोवती शाळेची सहल जमली की काय घडते? सर्वांत दांडगा मुलगा कळ बळकावतो, मुली मागे उभ्या राहतात, शिक्षक पाटीवरील मजकूर वाचून दाखवतात आणि रांग पुढे सरकते. समाजातील विषमता पादत्राणांप्रमाणे दाराबाहेर काढून ठेवता येत नाही.

फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्सप्लोरेटोरियम’ उघडले. कम्युनिस्ट पक्षाच्या पूर्वीच्या सभासदत्वापायी १९४९ मध्ये त्यांना मिनेसोटा विद्यापीठ सोडावे लागले होते. पुढे त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळली, शाळेत शिकवले. सामान्य माणसाने निसर्गनियम स्वतःच्या हातांनी पडताळावेत, हा त्यांचा आग्रह होता. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातही हाताळून शिकण्याची हीच दृष्टी आली. तेथील विज्ञान उद्यान १९७९ मध्ये आणि मुख्य केंद्र १९८५ मध्ये खुले झाले.

परंतु हात लावण्याची मुभा म्हणजे शिकण्याची समान संधी नव्हे. एक्सप्लोरेटोरियमच्याच संशोधकांनी पुढे कुटुंबांसाठी दोन खेळ तयार केले. एकात प्रत्येकाने प्रश्न सुचवायचा आणि ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही, पण समोरच्या प्रयोगातून शोधता येईल, असा एक प्रश्न सर्वांनी मिळून निवडायचा. दुसऱ्यात कोणीही ‘हात काढा’ म्हणताच इतरांनी थांबून त्याचे म्हणणे ऐकायचे. पडताळणीत पहिला, सामुदायिक निर्णयाचा खेळ सरस ठरला.

यातील बोध स्पष्ट आहे. प्रेक्षकाला चहूबाजूंनी प्रकाश, ध्वनी आणि चित्रांनी वेढून टाकणाऱ्या दालनांवर आज मोठा खर्च होतो. त्यात माणूस भारावतो. पण भारावलेला माणूस प्रश्न विचारतोच असे नाही. उलट, या खेळांना ना यंत्र लागते, ना निधी. लागतो तो वेळ आणि एकमेकांचे ऐकण्याची शिस्त.

अशाने सहलीत सारे पाहून होणार नाही, हा आक्षेप खरा आहे. मग पन्नासऐवजी पाचच प्रयोग पाहावेत. नगरपालिकेच्या शाळांतील, वस्त्यांतील मुलांना घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे जरूर करून पाहावे. मागे उभ्या असलेल्या मुलीचा प्रश्न सर्वांचा प्रश्न होतो, तेव्हा विज्ञानाबरोबर लोकशाहीचाही पहिला पाठ गिरवला जातो.